राउटर घेण्याआधी घर मोजा

मुळशी तालुक्यातल्या चांदे गावाचे नाव शेजारच्या नांदे गावाशी जोडूनच घेतले जाते. एका बाजूला माण-हिंजवडी आणि तिथले राजीव गांधी इन्फोटेक पार्क, दुसऱ्या बाजूला लवळ्याची टेकडी आणि तिच्यावरचे सिंबायोसिसचे विद्यापीठ. या दोहोंच्या मधल्या पट्ट्यात भातखाचरांच्या कडेने गेल्या काही वर्षांत घरे झपाट्याने वाढली. दगड-मातीच्या जाड भिंतींची जुनी घरे अजून आहेत. त्यांच्या शेजारी तळमजला आणि वर दोन मजले बांधून खोल्या भाड्याने दिलेली घरे आहेत, आणि पलीकडे उंच इमारतींचे प्रकल्प उभे राहत आहेत. मार्च २०२० च्या टाळेबंदीनंतर आयटीतली नोकरी घरात आली, मुलांचा अभ्यास मोबाइलवर आला आणि घरपट्टी-वीजबिलाबरोबर दरमहा इंटरनेटचे बिलही कुटुंबाच्या हिशेबात कायमचे बसले. त्यासोबत एक प्रश्नही आला. स्वस्तात चांगला राउटर कोणता?

हा प्रश्न दुकानदाराला विचारला जातो, केबलवाल्याला विचारला जातो, कंपनीत काम करणाऱ्या भाच्याला विचारला जातो. उत्तर म्हणून बहुधा एखाद्या मॉडेलचे नाव मिळते. ते आणून लावले की चार दिवस बरे वाटते आणि मग मागच्या खोलीतून पुन्हा तीच तक्रार येते, की रेंज नाही. दोष राउटरचा असेलच असे नाही. खोट एकीकडे आणि खर्च भलतीकडे, अशी ही आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी गत आहे. राउटर कमी पैशांत चांगला मिळू शकतो, पण त्याची निवड खोक्यावरच्या आकड्यांवरून करू नये. आपली लाइन किती वेगाची, भिंती कशाच्या आणि यंत्राला सुरक्षा-अपडेट किती वर्षे मिळणार, या तीन गोष्टींवरून ती करावी.

आधी इंटरनेट घरात येते कसे ते पाहू. खांबावरून आलेली फायबरची बारीक तार एका छोट्या डबीत संपते. या डबीला तंत्रज्ञ ओएनटी किंवा ओएनयू म्हणतात, घरातले लोक ‘मोडेम’ म्हणतात. प्रकाशातून आलेला संदेश ती विजेच्या संदेशात बदलते. राउटरचे काम त्यानंतरचे आहे. आलेली एक जोडणी घरातल्या दहा-पंधरा उपकरणांत वाटून द्यायची आणि ती हवेतून त्यांच्यापर्यंत पोचवायची. बऱ्याच कंपन्यांच्या डबीत ही दोन्ही कामे एकत्र असतात. तेव्हा गती अडकण्याच्या जागा तीन: कंपनीची लाइन, स्वतः यंत्र आणि यंत्रापासून तुमच्या हातातल्या फोनपर्यंतची हवा. नवा राउटर पहिल्या जागेवर काहीच करू शकत नाही. डबीवर ‘लॉस’चा लाल दिवा लागला असेल तर तार कुठेतरी तुटली किंवा दुमडली आहे. रस्ता रुंदीकरणात जेसीबीने केबल उखडली, की वाडीभर हा दिवा लागतो. त्यावर इलाज तुटलेली तार सांधणाऱ्या, म्हणजे स्प्लायसिंग करणाऱ्या माणसाकडे असतो, दुकानात नाही.

म्हणून पहिले काम मोजमापाचे. लॅपटॉप लॅन वायरने थेट डबीला जोडावा, वेग तपासावा आणि आकडा कागदावर लिहावा. मग वायर काढून त्याच खोलीत वायफायवर तपासावा. तिसरा आकडा घरातल्या सर्वांत लांबच्या खोलीतला घ्यावा. हे सकाळी एकदा आणि रात्री नऊच्या सुमारास एकदा करावे, कारण रात्री सगळे गाव एकदम इंटरनेटवर असते. समजा, प्लॅन शंभर एमबीपीएसचा आहे. वायरवरच चाळीस मिळत असतील तर तक्रार कंपनीकडे करायची. वायरवर पंच्याण्णव, जवळच्या खोलीत नव्वद आणि मागच्या खोलीत आठ, असे असेल तर यंत्र ठीक आहे आणि भिंत आड येते आहे. वायरवर पंच्याण्णव आणि शेजारी बसूनही तीस-चाळीसच मिळत असतील, तर मात्र यंत्र जुने आहे किंवा तुमचा फोन त्याच्या संथ, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झच्या, पट्ट्यावर अडकला आहे. नवा राउटर घेण्याचे खरे कारण या शेवटच्या प्रकारात आहे.

वेग किती लागतो, याचाही हिशेब आपण सहसा करत नाही. नेटफ्लिक्सच्या स्वतःच्या शिफारशीनुसार फुल एचडी चित्रासाठी ५ एमबीपीएस आणि फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरतात. ऑफिसच्या व्हिडिओ बैठकीला चांगल्या चित्रासह तीन-चार एमबीपीएस लागतात, तेही जाणारे आणि येणारे असे दोन्हीकडचे. आता पाच जणांचे घर धरा. दोघांच्या बैठका चालू आहेत, एका टीव्हीवर फोर-के सिनेमा लागला आहे, दोन मोबाइलवर व्हिडिओ सुरू आहेत. सगळी बेरीज चाळीसच्या आत राहते. म्हणजे शंभरचा प्लॅन अशा कुटुंबाला आरामात पुरतो, आणि तीनशेचा घेतला तरी मागच्या खोलीतली बैठक तुटायची थांबत नाही, कारण तिथपर्यंत शंभरातले आठच पोचत असतात. वाढीव प्लॅनचे वर्षभराचे पैसे एकदाच एका बऱ्या राउटरवर किंवा वीस मीटर वायरवर घातले, तर फरक जास्त दिसतो.

आता खोक्यावरचे आकडे. ‘एन३००’, ‘एसी१२००’, ‘एएक्स१५००’ अशी लेबले असतात. एसी१२०० म्हणजे बाराशे एमबीपीएस मिळतील, असा अर्थ ग्राहक घेतो आणि विक्रेता त्याला थांबवत नाही. प्रत्यक्षात हा आकडा दोन वेगळ्या पट्ट्यांच्या कागदावरच्या कमाल वेगांची बेरीज आहे: २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ गिगाहर्ट्झवर ८६७. एक फोन एका वेळी साधारणपणे एकाच पट्ट्यावर असतो, त्यामुळे ही बेरीज एका उपकरणाला कधीच मिळत नाही. शिवाय हवेतल्या संभाषणात बराच वेळ पोच देण्यात आणि वाट पाहण्यात जातो. कागदावरच्या वेगाच्या निम्म्याच्या आसपास हाती आला तरी ठीक मानावे. फोनची बाजूही असते. वायफाय पाच, म्हणजे ‘एसी’ जातीचा, असलेल्या अनेक स्वस्त फोनांत एकच अँटेना असतो आणि त्यांची कागदी मर्यादा ४३३ वर थांबते. समोर कितीही महागडा राउटर ठेवला, तरी तो फोन त्यापुढे जात नाही.

याहून मोठी फसगत मागच्या बाजूच्या भोकांत आहे. टीपी-लिंकच्या आर्चर सी५० आणि आर्चर सी६ या दोन्ही राउटरवर एसी१२०० लिहिलेले असते. दोघांचे रूपही सारखे. पण सी५० ची वायरची सगळी पोर्ट १०० एमबीपीएसची आहेत, सी६ ची १००० ची, म्हणजे गिगाबिट. डबीतून येणारी वायर सी५० मध्ये शिरते तिथेच वेग शंभरावर, खरे तर पंच्याण्णवच्या आसपास, बांधला जातो. पुढे हवेत ८६७ ची सोय असून उपयोग नाही. तुमचा प्लॅन चाळीस, पन्नास किंवा शंभरचा असेल आणि तो वाढवण्याचा विचार नसेल, तर शंभरचे पोर्ट चालते आणि काही पैसे वाचतात. प्लॅन दीडशे-दोनशेचा असेल, तर गिगाबिट पोर्ट नसलेला राउटर फुकट मिळाला तरी घेऊ नये. ही बाब कोणत्याही कंपनीच्या मॉडेलला लागू आहे. खोक्याच्या पुढच्या बाजूला ती लिहिलेली नसते, मागे बारीक अक्षरांत ‘१०/१००’ किंवा ‘१०/१००/१०००’ असे छापलेले असते. दुकानात खोके उलटे करून पाहावे.

अँटेनांच्या संख्येवरही भुलू नये. चार काड्या असलेल्या साध्या ड्युअल-बँड, म्हणजे दोन्ही पट्टे असलेल्या, राउटरमध्ये बहुधा दोन एका पट्ट्यासाठी आणि दोन दुसऱ्यासाठी असतात. सहा काड्यांनी रेंज दीडपट होत नाही. घरात किती ताकदीने प्रक्षेपण करायचे, याला सरकारी नियमांची मर्यादा आहे आणि ती स्वस्त आणि महाग दोन्ही यंत्रांना सारखीच लागू आहे. उलट वाटेची अडचण वेगळीच: राउटरचा आवाज फोनपर्यंत पोचला, तरी फोनच्या चिमुकल्या अँटेनाचा आवाज राउटरपर्यंत परत यावा लागतो. ‘रेंज फुल दिसते पण नेट चालत नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा हे कारण असते.

इथे पट्ट्यांचे गणित समजून घ्यायला हवे. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला, म्हणून आज कोणीही परवाना न काढता घरात वायफाय लावू शकतो. ५ गिगाहर्ट्झमधली बरीच मोठी जागा ऑक्टोबर २०१८ मध्ये मोकळी झाली. २.४ ची लहर भिंतीतून तुलनेने बरी जाते, लांब पोचते; पण तिथे एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या तीनच, १, ६ आणि ११. त्यातच ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांचा गोंगाट असतो. इमारतीतल्या सदनिकेत फोनवर वायफायची यादी उघडली, तर वीस-पंचवीस शेजाऱ्यांची नावे दिसतात. ती सगळी या तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बसलेली असतात. ५ गिगाहर्ट्झवर वेग भरपूर आणि गर्दी कमी, पण ती लहर भिंतीला लवकर हार जाते. म्हणून आज फक्त २.४ चा, म्हणजे ‘एन३००’ जातीचा सिंगल-बँड राउटर एकाच खोलीच्या, शेजार नसलेल्या घरापुरता ठीक. इतरांनी ड्युअल-बँडच घ्यावा.

भिंतीचे म्हणाल, तर चांद्यात तिचे सगळे नमुने पाहायला मिळतात. जुन्या घरातली दीड-दोन फुटांची दगडी भिंत ५ गिगाहर्ट्झला जवळजवळ अडवतेच, पावसाळ्यात ओलावा धरला की आणखी. विटांची किंवा सिपोरेक्स ब्लॉकची भिंत बऱ्यापैकी वाट देते. नव्या उंच इमारतींत मात्र अडचण वेगळी आहे. अ‍ॅल्युमिनियमचे साचे लावून केलेल्या, ज्याला बांधकामावरचे लोक मायवन म्हणतात त्या पद्धतीत, आतल्या खोल्यांच्या भिंतीही सळई घालून काँक्रीटच्या ओतलेल्या असतात. दोन बेडरूमच्या आटोपशीर सदनिकेत हॉलमधला वायफाय शेवटच्या खोलीत का मरतो, याचे उत्तर त्या भिंतीत आहे. पत्र्याचे छत, लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी, मोठा आरसा यांच्या मागे गेलेले यंत्र तर स्वतःहूनच आंधळे होते.

आणि आपण राउटर ठेवतो कुठे? तार जिथून आत आली तिथे, म्हणजे बहुधा दाराजवळच्या कोपऱ्यात, टीव्हीच्या मागे किंवा बुटांच्या कपाटात. अर्धी रेंज जिन्यात आणि शेजाऱ्याच्या ओसरीवर खर्च होते. तार टाकणाऱ्या माणसाला त्याच दिवशी चार-पाच मीटर फायबर जास्त घ्यायला सांगावे आणि डबी घराच्या मध्यावर, डोक्याच्या उंचीवर, उघड्यावर बसवून घ्यावी. एकाच मजल्यावर वापर असेल, तर काड्या उभ्या ठेवाव्यात, कारण त्यांची लहर आडवी पसरते. एवढे केल्यावर पुन्हा ते तीन आकडे मोजावेत. पुष्कळ घरांत खरेदीची गरज इथेच संपते.

ज्यांना तरीही घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी बाजार साधारण तीन पायऱ्यांचा आहे. हजार-बाराशे रुपयांत एन३००. त्याची मर्यादा वर सांगितली. दीड ते अडीच हजारांत एसी१२००, म्हणजे २०१३ च्या मानकाचा वायफाय पाच. तीन हजारांच्या आसपास एएक्स१५००, म्हणजे वायफाय सहा. वायफाय सहाची खरी कमाई कमाल वेगात नाही. तो एकाच फेरीत अनेक उपकरणांना थोडे थोडे देऊ शकतो. आधीच्या पिढीत प्रत्येकाला आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागत असे. घरात चार मोबाइल, दोन लॅपटॉप, टीव्ही, दोन कॅमेरे आणि भाडेकऱ्यांची उपकरणे असतील तर हा फरक जाणवतो. नवराबायको आणि एक टीव्ही असेल तर जाणवणार नाही. वायफाय सातचे प्रमाणीकरण जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाले. त्याचे मोठे बळ ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आहे आणि त्या पट्ट्याचा खालचा भाग परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा आपल्याकडे मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. काटकसरीने घेणाऱ्याने त्यासाठी आज पैसे मोजण्याचे कारण नाही. आमच्या मते, सध्या सामान्य कुटुंबासाठी योग्य जागा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीच्या मध्ये आहे: ड्युअल-बँड, गिगाबिट पोर्ट असलेला, आणि फरक पाचशे-सातशे रुपयांचाच असेल तर वायफाय सहा.

खरेदी करताना आणखी दोन गोष्टी पडताळाव्यात. ऑनलाइन दुकानांत ‘मोडेम राउटर’ या नावाने जुन्या टेलिफोनच्या तारेवर चालणारी एडीएसएल यंत्रे अजून दिसतात. फायबरच्या ग्राहकाला ती निरुपयोगी आहेत. तसेच ओएनटी स्वतः विकत घेण्याच्या फंदात पडू नये. ते कंपनीच्या यंत्रणेत अनुक्रमांकासह नोंदवलेले असते आणि बाहेरून आणलेले चालेलच असे नाही. आपला राउटर त्याच्या मागे जोडावा. कंपनीची डबी स्वतः राउटरचे काम करत असेल, तर आपले यंत्र ‘अ‍ॅक्सेस पॉइंट’ मोडवर टाकावे, नाही तर दोन राउटर एकमेकांच्या आड येतात आणि ऑफिसचे व्हीपीएन किंवा घरातले कॅमेरे रुसतात. फायबर न पोचलेल्या वस्त्यांत छतावर अँटेना लावून फाइव्ह-जीवरून इंटरनेट घेतले जाते. जिओने सप्टेंबर २०२३ मध्ये ही सेवा ज्या आठ शहरांत प्रथम आणली, त्यांत पुणे होते. तिथेही घरातल्या डबीमागे दुसरा राउटर जोडण्याची रीत हीच.

दोन-तीन मजल्यांच्या घरात एक राउटर पुरत नाही, हे मान्य करावे लागते. स्लॅबच्या पलीकडे रेंज नेण्यासाठी लोक प्लगमध्ये खोचायचा रिपीटर आणतात. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. आणि तो जिथे रेंज मेली आहे तिथेच लावला, तर त्याला पुढे द्यायला काही उरत नाही. मेश नावाचे दोन-तीन डब्यांचे संच चांगले, पण महाग. सर्वांत स्वस्त आणि टिकाऊ उपाय जुनाच आहे. तळमजल्यावरून वर एक कॅट-६ वायर ओढावी आणि वरच्या टोकाला दुसरा साधा राउटर, अगदी जुना घरात पडलेला असला तरी, अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावावा. दोघांना एकच नाव आणि एकच पासवर्ड दिला, की फोन जवळचा शोधून घेतो. घर बांधतानाच प्रत्येक मजल्यावर वायरसाठी एक रिकामा पाइप टाकून ठेवला, तर खर्च किरकोळ येतो. चांद्या-नांद्यात आज जी घरे बांधली जात आहेत, त्यांच्या मालकांनी आणि मिस्त्रींनी विजेच्या पाइपांबरोबर हा पाइप धरावा. एका घरातून दुसऱ्या घरात उघड्यावरून तांब्याची लॅन वायर मात्र ताणू नये. वळवाच्या पावसात जवळपास वीज पडली, की त्या वायरीतून येणारा झटका पोर्ट जाळतो. बाहेरून न्यायची तर फायबर न्यावी. काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही.

विजेचा दुसरा प्रश्न तिच्या नसण्याचा. मुळशीत पावसाळ्यात झाड पडले की वीज जाते आणि ऐन बैठकीत इंटरनेट बंद होते. वास्तविक फायबरची लाइन पुढे चालूच असू शकते; घरातली डबी आणि राउटर तेवढे झोपतात. ही यंत्रे बहुधा १२ व्होल्टवर चालतात आणि फार वीज घेत नाहीत. सहा वॉटचा राउटर चोवीस तास चालू ठेवला तरी वर्षाला सुमारे ५३ युनिट होतात. त्यामुळे हजार-पंधराशे रुपयांचा छोटा डीसी यूपीएस त्यांना दोन-तीन तास तगवतो. घेताना अ‍ॅडाप्टरवरचे व्होल्ट आणि अ‍ॅम्पिअर जुळवून पाहावेत, आणि डबी व राउटर वेगळे असतील तर दोघांसाठी दोन पिना आहेत की नाहीत हेही. घरून काम करणाऱ्याला हा यूपीएस महागड्या राउटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

राहिला सुरक्षेचा मुद्दा, जो खरेदीच्या वेळी कोणाच्याच मनात नसतो. महाराष्ट्राने या दुर्लक्षाची किंमत पाहिलेली आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबादमध्ये साखळी स्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे माध्यमांना पाठवलेल्या ई-मेलचा माग नवी मुंबईत सानपाड्याला राहणाऱ्या एका अमेरिकी नागरिकाच्या घरच्या जोडणीपर्यंत निघाला. त्याचा कटाशी संबंध नव्हता. त्याचा वायफाय नीट बंदिस्त नव्हता आणि त्याचा वापर दुसऱ्याच कोणी केला होता. पुढच्या काही आठवड्यांत मुंबईतल्या आणखी वायफाय जोडण्यांचा असाच गैरवापर झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वायफाय सुरक्षित करण्याबाबत सेवा कंपन्यांना सूचना काढल्या. पोलिसांचा तपास जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येतो, हा त्या प्रकरणाचा धडा आहे.

ज्या गावात घरटी दोन-चार भाडेकरू आहेत आणि एकाच कनेक्शनवर सगळ्यांची सोय केली जाते, तिथे हा धडा जास्तच लागू आहे. भाडेकऱ्याला इंटरनेट देण्यात गैर काही नाही, पण त्याला वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क द्यावे आणि माणूस खोली सोडून गेला की पासवर्ड बदलावा. आज दीड हजारांच्या राउटरमध्येही गेस्टची सोय असते. राउटरच्या सेटिंगचा ‘अ‍ॅडमिन’ हा मूळ पासवर्ड पहिल्या दिवशी बदलावा, वायफायच्या सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा डब्ल्यूपीए-३ निवडावे, पासवर्ड न टाकता जोडणी देणारे डब्ल्यूपीएसचे बटण सेटिंगमधून बंद करावे. २०१६ मध्ये मिराई नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरचे लाखो कॅमेरे आणि राउटर केवळ कारखान्यातले पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते. मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

पासवर्ड बदलणे ग्राहकाच्या हातात आहे, सॉफ्टवेअर दुरुस्त करणे नाही. राउटर म्हणजे एक लहान संगणकच. त्यात दोष सापडत राहतात आणि कंपनी दुरुस्ती पाठवते तोवरच तो भरवशाचा. २०१७ मध्ये डब्ल्यूपीए-२ मध्येच ‘क्रॅक’ नावाची त्रुटी सापडली, तेव्हा ज्या यंत्रांना अपडेट मिळाले ती वाचली. जुनी, कंपनीने वाऱ्यावर सोडलेली यंत्रे तशीच राहिली. आपण दुधाच्या पिशवीवरची तारीख पाहून पिशवी उचलतो, पण राउटर कोणत्या वर्षापर्यंत सुरक्षित राहणार, याची तारीख खोक्यावर शोधून सापडत नाही. स्वस्त राउटरचा छुपा खर्च इथे आहे. तीन वर्षांत सोडून दिलेला दीड हजारांचा राउटर सहा वर्षे अपडेट मिळणाऱ्या अडीच हजारांच्या राउटरपेक्षा महाग पडतो.

हा दोष एकट्या ग्राहकाच्या हुशारीने सुटणार नाही. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून कायदा लागू करून सगळ्या यंत्रांना एकच सोपा पासवर्ड देण्यावर बंदी घातली आणि अपडेट किमान किती काळ मिळणार हे जाहीर करणे कंपन्यांवर बंधनकारक केले. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या टीईसी या संस्थेकडून उपकरणांची सक्तीची चाचणी होते. पण तिचा निकाल खोके हातात घेऊन उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोचत नाही. वजनमापे कायद्याखालील २०११ च्या नियमांनी खोक्यावर कमाल किंमत, उत्पादनाचा महिना आणि तक्रारीचा पत्ता छापणे सक्तीचे केले आहे. त्याच चौकटीत आणखी दोन ओळी बसू शकतात: वायरच्या पोर्टचा वेग आणि अपडेटची शेवटची तारीख. ही छपाई फार खर्चाची नाही. यंत्रे बनवणारेही आपल्यापासून दूर नाहीत; डिजिसोल हा ब्रँड चालवणाऱ्या स्मार्टलिंक समूहाचे आणि डी-लिंक इंडियाचे पत्ते गोव्यात वेर्णा औद्योगिक वसाहतीतले आहेत. त्यांनी सक्तीची वाट न पाहता या दोन ओळी स्वतःहून छापल्या, तर बाजाराला चांगले वळण लागेल.

तोपर्यंत ग्राहकाने विक्रेत्याला हे दोन प्रश्न तोंडी विचारावेत आणि कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलचे शेवटचे अपडेट कधीचे आहे ते पाहावे. दोन वर्षांत काही आलेले नसेल, तर सवलत कितीही मोठी असली तरी ते मॉडेल सोडावे. घर मोजून, जागा बदलून आणि गरज पडली तर वायर ओढून झाल्यावर उरलेल्या पैशांत राउटर घ्यावा. या क्रमाने गेलेल्या बहुतेक कुटुंबांना अडीच-तीन हजारांच्या पुढे जावे लागणार नाही. जुना राउटर मात्र भंगारवाल्याच्या गोणीत टाकू नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी असा कचरा नोंदणीकृत पुनर्वापर केंद्राकडे पोचवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी वर्षातून दोनदा असा कचरा एका जागी गोळा करून उत्पादकांकडे पाठपुरावा केला, तर ते नियम तालुक्यापर्यंत उतरतील.